डबल बेल

आप्पा एसटीत कंडक्टर होते. शेवटची गाडी आमच्या गावात मुक्कामाला असली की ते घरी यायचे, जेवायचे, आणि चाळीसच्या बल्बखाली चामड्याची बॅग उपडी करून बसायचे. वेबिल, तिकिटांचा ट्रे, चिमटा, चिल्लर. दोनच्या नोटा सरळ करायचं काम माझ्याकडे. पाच आणि दहाला हात लावायचा नाही. हर्णैच्या फेरीतल्या नोटांना मासळीचा वास यायचा, त्या वेगळ्या ओळखू यायच्या.

दोनच्या नोटेच्या पाठीवर एक चमत्कारिक वस्तू होती. धड गोल नाही, धड चौकोनी नाही. सुरीने कडा छाटलेल्या लाडवासारखी. मी विचारलं तेव्हा आप्पा मान वर न करता म्हणाले, "तो आर्यभट्ट. आपला उपग्रह. रशियातनं सोडला." मला त्यातून कळलं ते एवढंच, की आपला माणूस दुसऱ्याच्या गाडीने गेला.

पुढे वाचनाचं वेड लागल्यावर त्या लाडवाचा पत्ता लागला. बंगळुरूजवळ पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये यू. आर. राव आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी तो बांधला. वजन ३६० किलो, पैलू २६, त्यातल्या बहुतेकांवर सौरघट डकवलेले. १९ एप्रिल १९७५ रोजी कापुस्तिन यारहून सोव्हिएत रॉकेटने तो वर गेला. चार-पाच दिवसांतच आतल्या वैज्ञानिक प्रयोगांचा वीजपुरवठा बिघडला आणि प्रयोग थांबले. पण त्याच्याशी बोलायचं कसं, त्याला वळवायचं कसं, तापमान राखायचं कसं, हे हाताला लागलं. १९९२ साली तो वातावरणात शिरून जळाला. नोट त्यानंतरही चालूच होती. खऱ्या आर्यभट्टापेक्षा मासळीच्या वासाचा आर्यभट्ट जास्त टिकला.

आप्पांचं एक वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं होतं. वेबिलाप्रमाणे जितकी तिकिटं गेली तितके पैसे निघाले नाहीत, तर फरक कंडक्टरच्या खिशातून जायचा. दीड रुपयाचा घोळ असला तरी ते रात्री बारापर्यंत शोधत बसायचे. आई वैतागून म्हणायची, "द्या ना टाकून दीड रुपया." त्यावर ते म्हणायचे, "गाडी पोचली म्हणून फेरी संपत नाही. हिशेब लागला की संपते."

आपल्या देशाच्या उपग्रहांची गोष्ट मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा मला हा दीड रुपया आठवतो.

एरवी या विषयावर दोन फोटो हटकून येतात. एकात रॉकेटचं टोक सायकलच्या कॅरिअरवर बांधून नेताहेत. दुसऱ्यात बैलगाडीवर उपग्रह. खाली मजकूर ठरलेला: बघा, कुठून कुठे आलो आपण. मला त्या मजकुराचा मनापासून कंटाळा आलाय. त्यात कौतुक असतं, पण गोष्ट गरिबीची होऊन बसते. बैलगाडीचा फोटो तर गरिबीचा नाहीच मुळी.

तो उपग्रह म्हणजे 'ॲपल', आपला पहिला प्रायोगिक दूरसंचार उपग्रह. त्याच्या अँटेनाची चाचणी उघड्या मैदानावर घ्यायची होती. आसपास धातू असला की रेडिओ लहरी त्यावर आपटून परततात आणि मोजमाप बिघडतं. ट्रकवर ठेवला असता तर निम्मी चाचणी ट्रकचीच झाली असती. लाकडाची बैलगाडी आणली, प्रश्न मिटला. ज्याच्या डोक्यात ही कल्पना आली त्याच्याकडे पैसे नव्हते म्हणून नव्हे, त्याला भौतिकशास्त्र येत होतं म्हणून ती आली. १९ जून १९८१ रोजी युरोपच्या एरियान रॉकेटच्या चाचणी-उड्डाणातून फ्रेंच गयानातल्या कुरूहून ॲपल गेला. पुन्हा दुसऱ्याचीच गाडी. वर गेल्यावर एक सौरपंख उघडलाच नाही. तरी दोन वर्षांहून जास्त काळ त्याच्याकडून काम करून घेतलं. पण त्या लंगड्या पंखाचा फोटो कोण काढणार?

सायकलचा फोटो थुंब्याचा. तिरुवनंतपुरमजवळचं कोळ्यांचं गाव, आणि निवडायचं कारण साधं: पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त तिथून जातं. त्याच्यावर शंभरेक किलोमीटर उंचीवर विजेचा एक प्रवाह वाहतो, तो अभ्यासायचा होता. सेंट मेरी मॅग्डलीन चर्च नेमकं त्या जागेत. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी गावकऱ्यांना समजावलं, चर्च रिकामं करून दिलं. तिथे कचेरी थाटली, शेजारच्या गोठ्यात प्रयोगशाळा. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी तिथून पहिलं रॉकेट उडालं. रॉकेट अमेरिकेचं, आतलं उपकरण फ्रान्सचं. ते उभं करताना क्रेनच्या हायड्रॉलिकला गळती लागली आणि शेवटचं काम माणसांनी हातांनी केलं. मग केरळच्या आभाळात सोडियमच्या वाफेचा केशरी ढग पसरला.

पण ते रॉकेट उपग्रह सोडणारं नव्हतंच. साउंडिंग रॉकेट वर जातं, आभाळ चाचपतं आणि समुद्रात पडतं; म्हणून तर त्याचं टोक सायकलवर मावतं. उपग्रहाचं काम निराळं. त्याला नुसतं वर न्यायचं नसतं, सेकंदाला जवळपास आठ किलोमीटरच्या वेगाने आडवं भिरकावायचं असतं. इतक्या जोरात, की तो पडत राहील आणि पृथ्वी त्याच्याखालून वळत राहील. राखणीच्या शेतात गोफण फिरवणाऱ्याला हे चटकन पटेल. थुंब्याच्या केशरी ढगापासून आपल्या स्वतःच्या गोफणीपर्यंत पोचायला सतरा वर्षं लागली.

आणि त्या सतरा वर्षांत विक्रम साराभाईंनी एक उलटं काम केलं, ते मला फार आवडतं. आधी रूट आखला, मग गाडी. १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा उपग्रह वर्षभरासाठी उसना घेऊन सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे संच बसवले आणि शेती-आरोग्याचे कार्यक्रम दाखवले. तो पाहायला साराभाई नव्हते, १९७१ च्या अखेरीस ते गेले. 'साइट' नावाचा हा प्रयोग एकनाथ चिटणीसांनी सांभाळला. ते मूळ कोल्हापूरचे. आपला दूरसंचार उपग्रह वर जाण्याआधी त्याचे प्रवासी कोण, त्यांना कुठे जायचंय, हे कुणीतरी खेड्यात जाऊन विचारून आलं होतं.

आता १० ऑगस्ट १९७९. श्रीहरिकोटा. आपली स्वतःची गोफण, म्हणजे एसएलव्ही-३ हे रॉकेट: उंची २२ मीटर, वजन १७ टन, सगळं घरचं. उलटी गणती शेवटाला आली आणि संगणकाने उड्डाण अडवलं. तज्ज्ञांनी आकडे तपासले, पुढे जायला हरकत नाही म्हणाले, आणि प्रकल्पप्रमुख अब्दुल कलामांनी उड्डाणाचा हुकूम दिला. पहिला टप्पा नीट गेला. दुसऱ्या टप्प्याची दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेतलं नायट्रिक आम्ल गळून गेलेलं. एक झडप नीट मिटली नव्हती. पाच-सव्वापाच मिनिटांत सगळं बंगालच्या उपसागरात. पत्रकारांपुढे इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः बसले आणि जबाबदारी घेतली. पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८० ला, ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत गेला तेव्हा त्यांनी पत्रकारांपुढे कलामांना पाठवलं.

ही गोष्ट आता शाळांच्या स्नेहसंमेलनात इतक्यांदा सांगतात की ती गुळगुळीत झालीय. सगळे धवनांच्या मोठेपणापाशी थांबतात, आणि ते मोठे होतेच. मी हे आप्पांना सांगितलं तेव्हा ते मात्र भलतीकडेच अडकले. म्हणाले, "म्हणजे सिंगल बेल झाली होती की."

ज्यांनी जुन्या एसटीतून प्रवास केलाय त्यांना सांगायला नको. गाडीच्या छताला लागून एक दोरी असायची, पार ड्रायव्हरच्या डोक्यापर्यंत. एकदा ओढली की थांब. दोनदा ओढली की चल. सिंगल बेल झाल्यावर ड्रायव्हरने थांबायचंच; का, ते नंतर विचारायचं. मागच्या दारात म्हातारी पडली असेल, पोराचा पाय अडकला असेल. आप्पांच्या मते १९७९ साली दोरी ओढली गेली होती आणि ऐकणाऱ्यांनी गाडी थांबवली नाही. कलामांनी स्वतःच हे पुढे जाहीर भाषणांतून सांगितलं, लपवलं नाही. हा माझ्या लेखी हिशेबाचा पहिला कागद.

रोहिणीच्या यशाच्या वेळी विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते आपले वसंत गोवारीकर. घन इंधनाच्या कामात ते सुरुवातीपासून होते. घन इंधनाची खोड अशी, की एकदा पेटलं की पेटलं. ते विझवता येत नाही. त्याला सिंगल बेल नसते. म्हणून जे काय थांबायचं ते आधी.

एसएलव्हीनंतर एएसएलव्ही आलं. त्याच्यावर कुणी गाणी म्हणत नाही, नोटही छापत नाही. मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण तेच. २४ मार्च १९८७: बाजूची दोन जोड-रॉकेटं जळून संपली आणि मधला मुख्य टप्पा पेटलाच नाही. १३ जुलै १९८८: या वेळी पेटला, पण जोड-रॉकेटं विझणं आणि मुख्य टप्प्याने जोर धरणं यांच्यामध्ये क्षणभराची फट पडली. हवा दाट, वेग प्रचंड, आणि त्या क्षणी गाडी कुणाच्याच हातात नाही. ती तिरकी झाली, मोडली. लागोपाठ दोनदा समुद्र. एवढ्या पैशात किती विहिरी झाल्या असत्या, असं बोलणारे तेव्हाही होते आणि त्यांचं सगळंच चूक होतं असं मला वाटत नाही.

मग चार वर्षं शोध. हाच तो दीड रुपया. ठरलेल्या सेकंदाला पेटव, असं यंत्राला सांगून ठेवण्याऐवजी जोड-रॉकेटांचा जोर ओसरतोय हे बघ आणि मगच पेटव, अशी रचना केली. गाडी स्थिर राहावी म्हणून कल्ले लावले. २० मे १९९२ ला तिसरं उड्डाण कक्षेपर्यंत पोचलं. एएसएलव्ही एकूण चारदा उडालं आणि निवृत्त झालं. पण त्या फटीतून जे शिकले, ते घेऊन पीएसएलव्ही उभं राहिलं.

तेही पहिल्या फेरीत पडलंच. २० सप्टेंबर १९९३, दिशा सावरणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चूक. वर्षभराने, १५ ऑक्टोबर १९९४ ला, जमलं, आणि मग या गाडीने क्वचितच मागे पाहिलं. ध्रुवीय कक्षेसाठी दक्षिणेकडे जावं लागतं आणि श्रीहरिकोट्याच्या दक्षिणेला श्रीलंका. म्हणून आधी थोडं पूर्वेकडे जाऊन मग वळसा घ्यायचा, घाटात घेतात तसा. त्या वळशात इंधन जातं, वजन कमी न्यावं लागतं. तरी पहिलं चांद्रयान तिने नेलं, मंगळयान तिनेच. १५ फेब्रुवारी २०१७ ला तर एका फेरीत १०४ उपग्रह, त्यातले १०१ परदेशी. आप्पांना हे सांगितल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "उतरवले कसे?" प्रश्न अचूक होता. उतरताना एकमेकांना धक्का लागू नये म्हणून प्रत्येकाची वेळ आणि दिशा वेगळी ठेवावी लागते. एसटीत यात्रेच्या दिवशी ज्याने हे केलंय त्याला त्याची किंमत ठाऊक असते.

मंगळयानाबद्दल सिनेमाच्या बजेटची तुलना करून थकलेत लोक. ४५० कोटींत मंगळ, हे खरं. पण ते पीएसएलव्हीवर गेलं, कारण मोठी गाडी, जीएसएलव्ही, तेव्हा भरवशाची नव्हती. छोट्या गाडीत थेट मंगळाकडे ढकलायचा जोर नाही, म्हणून पृथ्वीभोवतीच घिरट्या घालत, दर वेळी थोडी कक्षा वाढवत, १ डिसेंबर २०१३ ला ते बाहेर पडलं. स्वस्ताईपेक्षा मला ही अडचणीतली वाट जास्त मोलाची वाटते.

जीएसएलव्हीचं खरं दुखणं वरच्या टप्प्यात. उणे २५३ अंशांवर राखलेला द्रव हायड्रोजन आणि उणे १८३ अंशांवरचा द्रव ऑक्सिजन, यांवर चालणारं क्रायोजेनिक इंजिन. सोव्हिएत संघाशी १९९१ मध्ये करार झाला. अमेरिकेने डोळे वटारले. तंत्रज्ञान राहिलं बाजूला, हाती आली तयार सात इंजिनं. २८ मार्च २००१ ला पहिली गाडी उभी राहिली, बाजूची इंजिनं पेटली, धूर दाटला, आणि उडायच्या आत यंत्रणेने ती विझवली. चारांपैकी एकाचा जोर कमी होता. ती द्रव इंधनाची होती म्हणून विझवता आली. तीन आठवड्यांनी तीच गाडी उडाली, उपग्रह मात्र हव्या त्या कक्षेत पुरता पोचला नाही.

२५ डिसेंबर २०१० ची दुपार मला स्वच्छ आठवते. घरी पाहुणे, टीव्हीवर जीएसएलव्ही. पाऊण मिनिट झालं असेल, पांढरी रेघ वाकडी झाली आणि तिच्या चिंध्या झाल्या. निवेदकाचा आवाज थांबला. नंतर कारण कळलं: वरच्या संगणकाचे हुकूम खालच्या इंजिनांपर्यंत पोचवणारे कनेक्टर निखळले होते. मी पेपर वाचून दाखवला. आप्पा निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. त्यांनी छताकडे पाहिलं, जणू तिथे अजून दोरी आहे. "दोरीच तुटली म्हणजे ड्रायव्हरला काय कळणार बिचाऱ्याला?"

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये घरच्या क्रायोजेनिक इंजिनाची पहिली परीक्षाही फसली होती. दुसरी १९ ऑगस्ट २०१३ ला ठरली. उड्डाणाला ७४ मिनिटं उरली असताना दुसऱ्या टप्प्यातून इंधनगळती दिसली. थांबवलं. देश टीव्हीपुढे बसलाय, दोन दशकांची वाट आहे, आणि तरी दोरी एकदाच ओढली आणि सगळ्यांनी ऐकली. ५ जानेवारी २०१४ ला तीच गाडी जीसॅट-१४ घेऊन सुरळीत गेली. पुढे चांद्रयान-२ च्या वेळीही ५६ मिनिटं आधी असंच थांबवलं आणि आठवड्याने सोडलं. यशाच्या यादीत हे थांबे कुठे येत नाहीत.

पडणं अजून चालूच आहे. मे २०२५ मध्ये पीएसएलव्हीचा, म्हणजे सगळ्यांत भरवशाच्या गाडीचा, तिसरा टप्पा दगा देऊन गेला. त्याआधी जानेवारीत श्रीहरिकोट्यावरून शंभरावं उड्डाण झालं, फटाके वाजले, आणि वर गेलेल्या उपग्रहाची झडप उघडली नाही म्हणून तो ठरल्या कक्षेला पोचला नाही. काय चुकलं ते शोधायची सवय त्या लोकांना आहेच. ते आमच्यापुढे मांडायची सवयही सुटू नये, एवढी इच्छा. वेबिल डेपोत जमा होतं, पण पैसे प्रवाशांचे असतात.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्यावरून गेलं. वाडीतल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या, पडवीचे पत्रे शेजाऱ्याच्या विहिरीपाशी सापडले. पण दोन दिवस आधीपासून फोनवर ढगांचं ते पांढरं चाक दिसत होतं, होड्या खाडीत आत घेतल्या होत्या, आणि आम्ही सगळे शाळेच्या पक्क्या खोलीत होतो. ती चित्रं इन्सॅट-३डी आणि ३डीआर या उपग्रहांची. त्यातला थोरला २०१३ मध्ये कुरूहून, परक्या गाडीने गेलेला. धाकटा २०१६ मध्ये आपल्या जीएसएलव्हीने.

तिसरा, इन्सॅट-३डीएस, फेब्रुवारी २०२४ मध्ये जाणार असं वाचलं आणि मी प्रेक्षक-गॅलरीचे दोन पास काढले. आप्पांना विचारलं नाही, सांगितलं. चेन्नई, मग सुल्लुरुपेटा, मग पुलिकत सरोवरातून जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना उथळ पाणी आणि दूरवर रोहित पक्ष्यांची फिकट गुलाबी रांग. आप्पांचं लक्ष आमच्या बसच्या कंडक्टरकडे. "शिट्टी मारतो हा. दोरी नाही यांच्यात."

जीएसएलव्हीला तिथल्या लोकांनी वांड पोर म्हणून नाव ठेवलं होतं, हे मी त्यांना सांगायचं टाळलं.

गॅलरी क्रिकेटच्या मैदानासारखी, पायऱ्यापायऱ्यांची. समोर झाडी, पडद्यावर आकडे. शेवटची मिनिटं संगणकाच्या ताब्यात असतात, असं मी म्हणालो. आप्पांनी विचारलं, "त्याने सिंगल मारली तर आता ऐकतात ना?" ऐकतात, म्हटलं. पाच पस्तीसला झाडीमागे आधी उजेड झाला, अगदी मुका. आवाज पोचायला किती सेकंद लागतात ते मी मोजणार होतो, विसरलो. तो कानाआधी छातीला लागला. हजारो फोन वर झाले, आरडाओरडा, टाळ्या. तीन-चार मिनिटांत ठिपका दिसेनासा झाला आणि माणसं पायऱ्या उतरायला लागली. सगळ्यांनाच आधी बस गाठायची होती.

आप्पा उठले नाहीत. हात मांडीवर, नजर पडद्यावर. मी म्हटलं, चला, गर्दी होईल. ते म्हणाले, "प्रवासी उतरलाय का?"

मग आम्ही बसून राहिलो. जेमतेम पन्नास-साठ माणसं उरली. एक टप्पा सुटला, दुसरा सुटला, क्रायोजेनिक पेटलं. हिरवी रेघ आखलेल्या रेघेवरून सरकत होती. अठरा-एकोणीस मिनिटांनी पडद्यावरची माणसं एकदम उभी राहिली, एकमेकांचे हात हातात घेऊ लागली. उपग्रह वेगळा झाला होता.

आप्पांनी शेजारच्या लोखंडी कठड्यावर बोटातली अंगठी दोनदा वाजवली. टण, टण.

"चल आता," ते म्हणाले, "आपली गाडी चुकायची."